शांताक्कांची खळ

कागदी पिशवीत डाळ ओतण्याआधी शांताक्का तिच्यात फुंकर मारायच्या, बुडाला तळहाताने थाप द्यायच्या आणि पिशवीलाच विचारायच्या, "धरशील न्हवं गं?" मगच माप कलायचं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी यात फरक नाही. मी तर कायम घाईतच असायचो.

वडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान होतं. त्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य घरच्या मागावर साड्या विणल्या होत्या. मी वाढलो पत्रकांत. वडील मोर्च्यांची पत्रकं काढायचे. आमच्या कॉटखाली ट्रंका नव्हत्या, गठ्ठे होते. मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं ते प्लॅस्टिकवर. बंदी होती, तरी गटारं पिशव्यांनी तुंबत होती. मी दुकानदारांची नावंच छापली. पहिलं नाव शांताक्कांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पत्रक घेऊन दारात उभ्या. मी भांडायच्या तयारीत.

"नाव बरोबर लिव्हलंयस," त्या म्हणाल्या. "आता पिशव्या करायला रद्दी दे."

त्याच दिवशी त्यांनी प्लॅस्टिक बंद केलं. हळूहळू वगैरे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पहिल्या पिशव्या मात्र फसल्या. मागावरच्या सुताला द्यायची खळ पातळ लागते, त्यांच्या हाताला तीच सवय, आणि पिशव्याही त्यांनी तसल्याच खळीने चिकटवल्या. तिसऱ्या गिऱ्हाइकाची तूरडाळ पिशवीचं बूड सुटून भर रस्त्यात सांडली. समोरचा दुकानदार ओरडला, "शांताक्का, पेरणी काढलासा व्हय?"

"उगवली तर तुलाबी दीन," असं म्हणत त्यांनी डाळ झाडून घेतली आणि बाईला दुसरी मोजून दिली.

मग मी पुढे सरसावलो. भिंतीवर पत्रकं चिकटवायची खळ मला येत होती. मैदा घट्ट शिजवायचा, उंदीर-झुरळ लागू नये म्हणून मोरचूद घालायचं. मी पुडी सोडतोय तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "ह्यात डाळ जाणार हाय रं. गल्लीला मारून क्रांती करतोस व्हय?"

मोरचुदाविना खळ झाली. पिशव्या टिकल्या. गिऱ्हाइकं टिकली नाहीत. समोर न मागता प्लॅस्टिकची पिशवी मिळत होती. शांताक्कांच्या दुकानापुढची गर्दी निम्म्यावर आली. मी चिडून आणखी दोन पत्रकं काढली.

"पत्रकं लई झाली," त्या म्हणाल्या. "तू साखर माझ्याकडनंच ने. त्येवढं बास."

मी शब्द दिला.

श्रावणातली दुपार होती. पाऊस ओतत होता. घरी पाहुणे आलेले, आईने साखर आणायला पिटाळलेलं आणि मला खानापूरच्या सभेला पोहोचायचं होतं. कागदी पिशवी घरापर्यंत टिकली नसती. मी समोरच्या दुकानात शिरलो. प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर पडलो तर शांताक्का गल्ल्यापाशी बसून माझ्याकडेच बघत होत्या. मी पिशवी शर्टाखाली घातली. सभेत त्या दिवशी मी फार मोठ्याने बोललो.

संध्याकाळी गेलो, तेव्हा सबबी पाठ होत्या.

"साखर कोरडी ऱ्हायली न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"माझी पिशवी पावसात टिकत न्हाय, ठाऊक हाय मला. डबा घेऊन यायचा हुतास रं."

एवढंच. पुढे कधी तो विषय नाही. त्यांनी विषय काढला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर त्यांनी दुकान बंद केलं आणि लेकीकडे गुंजीला गेल्या. "गुडघं ऐकत न्हाईत," असं सगळ्यांना सांगितलं. शेवटपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीला हात लावला नाही. उरलेल्या पिशव्या माझ्या हवाली केल्या. त्यांतली एक माझ्याच पत्रकाची होती. नावांची यादी त्यांनी आतल्या बाजूला दुमडली होती, बाहेर कोरा कागद.

मी अजून पत्रकं लिहितो. नावांपाशी आलो की शर्टाखालची ती पिशवी आठवते; उठतो, खोलीत फेऱ्या मारतो, परत बसतो. पहिलं नाव कुणाचं लिहायला हवं, ते मला माहीत असतं.