ज्याने मयतीचे निरोप नेणं सोडलं

तुमच्या घरातली म्हातारी गेली तेव्हा परगावी दिलेल्या लेकीकडे निरोप घेऊन कोण गेलं होतं, आणि त्या माणसाला तिथे पाणी कोणी दिलं होतं?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात हे काम तीसेक वर्षं एकाच माणसाने केलं. आम्ही वस्तीतले त्याला आबा म्हणायचो, गाव बुढा म्हणायचं. गेल्या चैत्रात तो वारला. त्याच्यासाठी अख्खं गाव रडलं, ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून एसटीच्या थांब्यापाशी त्याच्या आठवणीचा दगड बसवायचं ठरवलं आहे. दगड दर्यापूरच्या पाथरवटाकडे येऊन पडला आहे, पोळा झाला की तो अक्षरं कोरायला घेणार आहे. त्यावरची ओळ ठरली आहे: 'गावाचा इमानी सेवक'. आबाच्या बायकोला ती वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "थो दगड माह्या मानसाचा नोय."

भांडण एवढंच आहे. त्यासाठी मला मागचं सांगावं लागेल.

गावात कोणी मेलं की आबाला हाक मारत. ते त्याचं गावकीचं काम होतं, त्याच्या बापाचंही होतं. अंगात बंडी, हातात काठी, आणि पायी निघायचं. चोहोट्याला जा, अकोल्याला जा, कधी थेट अमरावतीला. सोयऱ्यांच्या दारात पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं आणि आल्या पावली परतायचं. बदल्यात सुगीला खळ्यावरून जवारी मिळे, तीही मागून घ्यावी लागे. त्याच्याबद्दल गावाची एकच तक्रार होती. बुढा उशीर करतो. निरोप सकाळी पोचायला हवा तो दुपारी पोचतो. "कोनत्या झाडाखाली झोपला होता बे?" असं त्याला परतल्यावर हमखास विचारत. तो काठी उचलून घराकडे वळे.

छप्पन साली वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परतली. त्यांत आबा होता. मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि मयतीचे निरोप न्यायचे नाहीत, असं वस्तीने बसून ठरवलं. हे पाटलाला सांगायला चावडीवर आबाच गेला. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि चावडीच्या पायरीशी उभा होतो.

पाटील म्हणाले, "काहून रे, साहेब झाला का आता तू?"

"साहेब कायचा झालो पाटील. पाय दुखतेत."

चावडीत हसू उसळलं. आबाने ते संपू दिलं.

"पाय त पह्यलेही दुखत होते," तो म्हणाला. "आता सांगून राहिलो, एवढाच फरक."

त्या हंगामात वस्तीतल्या एकाही बाईला गावातल्या वावरात कापूस वेचायला बोलावलं नाही. आमच्या आया पहाटे उठून दुसऱ्या गावच्या शिवारात जात. आबाची बायकोही जायची. पिठाच्या गिरणीवर आमची टोपली शेवटी ठेवत, आणि मग गिरणी बंद होई. आबाला कोणी मारलं नाही. फक्त त्याला रामराम करणं गावाने बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलांची आई वारली. तिची लेक अकोल्याला जठारपेठेत दिलेली. ती आल्याशिवाय उचलायचं नाही असं घरात ठरलं. रविवार असल्यामुळे तारेची सोय नव्हती. दर्यापूरहून अकोल्याची मोटार सकाळी सुटायची. तेव्हा पाटलांचा मुलगा निघाला. तो माझ्याच वयाचा. पण मोटारीकडे न जाता तो आमच्या वस्तीत आला. मी आबाच्या अंगणात बसून त्याला अमरावतीहून आलेलं चळवळीचं पत्रक वाचून दाखवत होतो.

"बुढा, आजी गेली," तो म्हणाला.

"आयकलं. वाईट झालं."

"आत्याले सांगाले जाऊन राहिलो. मीच."

"जाय ना मंग. मोटार चुकन तुही."

तो हलला नाही. बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "सांगू कसं? मले नाई जमत. तू चाल."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "जमत नसन त शिका. आमच्या मानसाले कधी इचारलं होतं का, तुले जमते का म्हनून?"

आबा माझ्याकडे वळला. "तू चूप बस. तुह्या कागदात मेल्या बुढीचं काय लिवलं हाय, सांग?"

पत्रकात त्याबद्दल काहीच नव्हतं. मी त्याची घडी घातली.

"मी येत नाई," आबा पाटलाच्या मुलाला म्हणाला. "थे काम मी आता करत नाई. सात पिढ्याईनं केलं, झालं. पन कसं सांगाचं थे सांगतो. बस."

तो अंगणातल्या दगडावर बसला. आबा बोलत गेला तसं मला कळत गेलं की तीस वर्षं हा माणूस उशिरा का पोचायचा.

"एकदम घरात घुसू नको. आंधी चूल पाह्य. सैपाक चालू असन, जेवाचे असतीन, त बाहीर थांब. जेवू दे त्याईले. एकदा सांगतलं का दोन दिस त्या घरात कोनी घास घेत नाई. लेकरं उपाशी राह्यतेत. मी घरामांगं आडोशाले बसून राहो. धूर बंद झाला, भांडे घासाचा आवाज आला, का मंग जाओ. अन् 'लय बिमार हाय' असं म्हनू नको. बाई रस्ताभर आस लावते, थे लय वाईट. खाली बस, अन् सरळ सांग."

"अन् थे पडली त?"

"त धर. तू धरू शकतं. मले धरता येत नव्हतं."

आबाच्या बायकोने आतून गडव्यात पाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. उन्हं कडक होती. त्याने गडवा उचलला, पाणी प्याला आणि मोटारीकडे गेला. संध्याकाळच्या आत तो आत्याला घेऊन परतला. आबा मसणात गेला आणि इतर माणसांच्या रांगेत उभा राहिला. एकदोघे कुरकुरले. पाटलांच्या मुलाने त्यांना गप्प केलं.

त्या पावसाळ्यात मी अमरावतीला शिकायला गेलो, आणि पहिलं पत्रक लिहिलं. काही जुनी माणसं काम सोडल्यावरही गावाची तळी उचलतात, असं एक वाक्य मी त्यात घातलं. सुट्टीत घरी आलो तेव्हा आबाने ते माझ्याकडूनच वाचून घेतलं.

"हे मी का?"

मी हो म्हणालो.

"छापलं बाकी मस्त हाय," तो म्हणाला. "शाई चांगली हाय."

ते वाक्य चुकीचं होतं. ते छापून वाटलं होतं, म्हणून चूकही छापूनच कबूल करतो.

कारण पुढे जे झालं ते असं. गाव आपले निरोप आपण नेऊ लागलं. मयत झाली की घरातला कोणीतरी आधी आबाच्या अंगणात यायचा. कुणबी यायचे, माळी यायचे, एकदा एका दुकानदाराचा भाऊ आला. कसं सांगू, एवढंच विचारायचे. आबा प्रत्येकाला बसवून सांगायचा. कुणाच्या आईचं काळीज नाजूक आहे, कुणाच्या जावयाला बाजूला घेऊन सांगावं, त्याला सगळ्या सोयऱ्यांची माहिती होती. येणाऱ्याला बसावं लागायचं आणि बायकोने आणलेलं पाणी पुढे असायचं. काहींनी ते घेतलं, काहींनी घेतलं नाही. जो घेत नसे त्यालाही आबा पूर्ण सांगायचा. गिरणीवर आमची टोपली कधी पुढे सरकली हे मला नेमकं सांगता येणार नाही, पण सरकली.

म्हणून मी म्हणतो, गावाचं त्याच्यावरचं प्रेम तो राबत होता तेव्हाचं नाही. राबत होता तोवर गावाच्या लेखी तो झाडाखाली झोपणारा निरोप्या होता. त्याने नाही म्हटलं, त्यानंतर गावाने त्याला पहिल्यांदा काही विचारलं. आणि दगडावर मात्र 'सेवक'!

पाटलांचा तो मुलगा आज सरपंच आहे. दगडाची कल्पना त्याचीच, आणि ती मनापासूनची आहे. मागच्या महिन्यात मी त्याच्या ओसरीवर गेलो.

"बसा मास्तर," तो म्हणाला. "भांडाले आले का?"

"हो."

"प्रेमाचा दगड हाय हो. त्याच्यावर कायचं भांडन?"

"त्याने काम सोडलं, ते लिहा."

"मी त्याच्या घरचं पानी प्यालो, थेही लिवू का?"

"पाणी नका लिहू. 'छप्पन साली याने मयतीचे निरोप नेण्याचं काम सोडलं आणि गावाला ते करायला शिकवलं.' एवढंच लिहा."

त्याने सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाला, "मले मान्य हाय असं समजा. पन सभेत काय सांगू? वस्तीतले म्हनतेत, मास्तर म्हनते. तुमचं त तुमी म्हनानच. ज्याईच्या घरी थो निरोप घेऊन जाये, त्या सोयऱ्याईतलं कोनी म्हनून दाखवा. मंग मी सभेत उभा राह्यतो."

त्याचं बोलणं मला आवडलं नाही. आमच्या माणसाबद्दल आमची साक्ष पुरत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पण आबाच्या बायकोने मला सांगितलं, "राग मंग कर. दगड आंधी पाह्य." म्हणून हे लिहितो आहे.

अकोल्यात, अमरावतीत, चोहोट्याच्या बाजूला अशी पुष्कळ घरं आहेत जिथे हा माणूस अंगणाबाहेर उभा राहिला होता. तुमचं घर त्यांतलं असेल तर गावाचं नाव मी सांगायची गरज नाही. पोळ्याच्या आत त्या गावच्या सरपंचाला एक कार्ड टाका. तो तुमच्याकडे कोणाचा निरोप घेऊन आला होता ते लिहा, आणि त्याने ते काम सोडलं हे दगडावर कोरा, असं खाली स्वतःच्या सहीनिशी लिहा.