आगपेट्यांचे खण

परवा नातसुनेनं कंदील चिकटवायला शिळ्या भाताची खळ केली. तो आंबूस वास आला आणि मी स्वातंत्र्याच्या आधीच्या एका दुपारी जाऊन पोचले.

माझा दादा तापानं गेला त्याला वर्ष होत आलं होतं. ओसरीवर बसून आई बिस्किटांच्या जुन्या डब्यात रिकाम्या आगपेट्या खळीनं चिकटवत होती. प्रत्येक खणात तिनं फाटक्या लुगड्याचं मऊ कापड बसवलं. एकात नथ ठेवली, एकात बुगड्या आणि मधल्या मोकळ्या जागेत सरी. दादाच्या लग्नात वहिनीला घातलेले दागिने होते ते. माझं लग्न ठरलेलं, त्यामुळे डबा माझ्यासाठीच, असं धरून मी खुशीत खळ कालवत होते.

आईनं झाकण लावलं आणि डबा वहिनीच्या ओटीत ठेवला. "हे तुयं व्हय. सडक अर्जुनीले माहेरी जाय. मन झालं तं दुसरं लगन कर."

माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी आलेला मामा आईवर ओरडला, "बाई, डोकं फिरलं का तुयं? पोरीच्या लगनाले काय घालशीन?"

"पोरीचं पाहू. हिचा जनम काऊन वाया घालवू?"

तेव्हा मला दागिने गेल्याचाच धक्का बसला होता. आज तो डबा आठवला की आईच दिसते. दादाची आठवण काढून तिच्यासोबत रडणारी घरात एकटी वहिनीच होती, आणि तिलाच आईनं दुसऱ्या दिवशी स्वतः बैलगाडीत बसवून दिलं.