कापसात ठेवलेल्या गारा

दिवाळी झाली तशा म्या घराच्या किल्ल्या सुनेच्या हाती देल्या अन् चुलीपासून मोकळी झाली. गावातल्या बाया म्हनत, "बुढे, आता तं तुहं राज्य गेलं." गेलं तं गेलं, बाई. राज्य करू करू कंबर गेली होती. आता सकाळी उठून तुळशीले पानी घालावं, ओसरीत पाय पसरून बसावं, अन् येनाऱ्या-जानाऱ्याले नावं ठेवावी, हे माह्यं काम.

माह्या सुखात एकच काटा होता, कापूस. समुद्रापल्याड कुठंशी लढाई पेटली म्हने, अन् इकडं आमच्या अकोल्याच्या बाजूले कापसाले सोन्याचे दिवस आले. आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग. भाव अजून चढन म्हनून लेकानं निम्मा कापूस ठेवून देला होता. खोलीले कुलूप घातलं अन् बायकोले बजावलं, "पान्याचा थेंब लागू देऊ नको. ओला कापूस बेपारी हातात घेत नाई." मी रोज कटकट करो, त्या मेल्या कापसानं घरात मानसाले जागा नाई ठेवली, भाकरीत कापूस, नाकात कापूस. पन बुढीचं कोन ऐकते.

फागुन सरता सरता लेक बाकीच्या कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात गेला. घरी मी, सून अन् चार-पाच वर्साची नात, एवढ्याच राहिलो. तो गेला त्याच दुपारी आभाळ काळं झालं अन् गार पडली. गार आमाले नवी नाई, पन अशी म्या जन्मात पाहिली नव्हती. आंगन, गोठा, वाटा, सगळं पांढरं. निंबाखाली पोपट मरून पडले, उभा गहू झोपला. अन् पोट्टे काय, ओंजळी भरू भरू गारा खाऊन राहिले. आमची नात त्यात सगळ्याइच्या पुढं.

दुसऱ्या दिवशी पोरगी तापली. तापली म्हंजे अंगावर हात ठेववत नव्हता. सुनेनं काढा पाजला, म्या दृष्ट काढली, देवीले नारळ बोलली. ताप हाले ना. पोरगी काईबाई बडबडे, आमाले वळखे ना. वैद बाळापुरात, अन् मधात नदी दोन्ही थड्या भरून. सून पोरीजवळून उठे ना, तिच्या तोंडात घास जाये ना. तिचे आंधीचे दोन लेकरं तापानंच गेले होते, ही एकच राहिली होती. मी तोंडानं धीर देऊन राहिली होती.

ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, तं त्या ठेवता ठेवता गरम होत. फडक्यात गार बांधून कपाळावर धरली का पोरगी निजे, गार विरली का पुन्हा बडबड सुरू. त्या हप्त्यात रोज आभाळ फाटे, पन गार पडे दुपारची घटकाभर, अन् ताप चढे सकाळपासून. मडक्यात भरून ठेवाव्या तं सांजेपर्यंत नुसतं पानी.

एका सकाळी सून मधल्या खोलीचं कुलूप काढून आत गेली. छपराचे कवेलू फुटून गारा कापसावर पडल्या होत्या. तिच्या रडन्याचा आवाज आला म्हनून मी गेली.

"आत्याबाई, कापूस भिजला. आता हे आल्यावर मले काय म्हनतीन?"

ती ओला कापूस उपसून राहिली होती. उपसता उपसता तिच्या हाताले गारा लागल्या. कालच्या गारा, ढिगात खोल गेलेल्या, जशाच्या तशा. मडक्यात सांजेपर्यंत न टिकनाऱ्या गारा कापसात रातभर टिकल्या होत्या.

त्या गारा म्या पदरात घेतल्या अन् पोरीकडं धावली. पन त्या कितीशा पुरनार? दुपारी पुन्हा गार पडली, तशी मी डोक्यावर घोंगडं घेऊन, टोपलं धरून आंगनात. टोपलं भरून खोलीच्या दारात आनलं अन् थांबली. किल्ल्या तिच्या, नवरा तिचा, बोलनी तिले बसनार. पुऱ्या सालाची मेहनत त्या खोलीत. म्या म्हनलं, "तूच सांग, बाई."

तिनं माह्या हातातलं टोपलं घेतलं, ढिगात हातानं खड्डा केला अन् त्यात टोपलं रिकामं केलं. "आना अजून," म्हनली. ती घरात आल्यापासून एवढं मोठ्यानं बोललेली मले आठवत नाई.

मंग काय, आमी सासू-सून नुसत्या धावून राहिलो होतो. जी कंबर गेली म्हनून म्या चूल सोडली, ती त्या दिवशी कुठून आली देव जाने. दुसऱ्या दिवशी ताप चढायची येळ झाली तशा आमी गारा काढू काढू पोरीच्या कपाळावर, तळपायावर ठेवल्या. दुपारी नव्या भरल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या सांजेले पोरीले घाम सुटला. डोळे उघडून म्हनली, "आजी, भूक लागली." म्या दुधात भाकर कुस्करून भरवली. सून भिंतीले टेकून हमसून हमसून रडली, म्या तिले रडू देलं.

अजूनही हात जोडले का मी पहिले देवाचे उपकार मानते. मंग गारीचे, जिनं आमचा गहू नेला. त्या मेल्या कापसाचेही मानते. पन सगळ्यात जास्ती सुनेचे. तिनं नाई म्हनलं असतं तं मी बुढी काय करनार होती?

नदी उतरली तसा लेक आला. आला तसा खोलीत गेला. कापसाचे गोळे झाले होते, पिवळा पडला होता, वास येत होता. त्यानं दारात येऊन विचारलं, "कापसात पानी कोनं घातलं?"

"म्या," सून म्हनली. त्याच दमात म्याबी म्हनलं, "म्या."

त्यानं आमच्या दोघींकडं पाहिलं. मंग सुनेनं मान खाली घालून सगळं सांगितलं, ताप कसा चढे, गारा कशा ठेवल्या. पोरगी खाटेवर निजली होती, तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिच्या कपाळावर हात ठेवला, तो किती येळ काढलाच नाई. आमच्याकडं न पाहाताच म्हनला, "पुरल्या का गारा?"

मी हो म्हननार, त्याच्या आंधी सुनेनंच सांगितलं, "पुरल्या."