किल्ली हातातच द्यायची

मी गाव सोडलं त्या सकाळी गाडी अर्धा तास फाट्यावर खोळंबली होती आणि वडील, आमचे तात्या, विहिरीवर होते. दोन बॅगा, नेदरलँड्सचं तिकीट, आईने बांधून दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, सगळं तयार. फक्त तात्यांचा पत्ता नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मी धुसफुसत होतो. शेवटी बांधावरून चिखलाच्या पायांनी आले. "आज किल्ली द्यायची हुती," म्हणाले, "पोरगं परदेशी निघालं म्हणून हुसेनभाईंचं पाणी थांबवू व्हय?" मग माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. मी तेव्हा घड्याळ बघत होतो.

आमचं गाव पिंपळी, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना ऊस, वरच्या अंगाला कालवा. कालव्याला पाणी सुटलं की विहिरी आपोआप भरतात, म्हणून आम्ही सुखी माणसं. आईचं माहेर इंदापूरकडच्या माळावरचं. तिथे बाजरी येते तीही रडतखडत. त्यामुळे आमच्या घरी कोणी तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं की आई त्याच्याकडे अशी बघायची, की दुसऱ्यांदा हिंमत होत नसे. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत कारखान्याकडे जातात, सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढे किटल्यांची रांग लागते, आणि उन्हाळा आला की बागायतदार म्हणवणारे आम्हीही विहिरीत वाकून बघू लागतो. लांबून बघणाऱ्याला सगळं हिरवंच दिसतं.

आमची विहीर निम्मी आमची, निम्मी हुसेनचाचांची. चाचांचं रान आमच्या बांधाला लागून. ते तरकारी पिकवतात आणि बारामतीच्या बाजारात विकतात. विहिरीवर मोटर एकच, तिची लोखंडी पेटी एक, पेटीला कुलूप एक आणि किल्लीही एकच. चार दिवस पाणी त्यांचं, चार दिवस आमचं. पाळी संपली की किल्ली दुसऱ्याला द्यायची, आणि ती हातातच द्यायची. दगडाखाली ठेवायची नाही, पोराबरोबर धाडायची नाही. माझ्या आजोबांनी आणि चाचांच्या वडिलांनी घातलेली ही रीत. किल्ली घेणाऱ्याने चहा करायचा, हे पुढे कधीतरी तीत मिसळलं. मधे एकदा बांधावरच्या बाभळीवरून दोन्ही घरं वर्षभर बोलत नव्हती. तरी चार दिवसांनी किल्ली यायची, मुकाट्याने चहा व्हायचा, मुकाट्याने प्यायला जायचा. वर्षभर न बोलता इतका चहा पिणारी माणसं मी जगात दुसरीकडे पाहिली नाहीत.

कोणाला जास्त गरज असली की पाळी मागेपुढे व्हायची. त्याची नोंद कुठेही नव्हती. चहाच्या वेळी बोलणं व्हायचं, तेवढंच.

मी आइंडहोव्हनमध्ये एका कंपनीत यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. तिसऱ्या वर्षी तात्यांचा गुडघा धरला. त्यांनी विहिरीपर्यंत लंगडत जायचं आणि मी इथे खिडकीशी कॉफी पीत बसायचं, हे मला सोसेना. बाहेर पडलेल्या आपल्यासारख्या लोकांना एक खोड असते. आपण जाऊ शकत नाही, म्हणून वस्तू पाठवतो. मी मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवून घेतला. तात्यांनी खाटेवरून बटण दाबावं, मोटर चालू. माझ्याही फोनवर सगळं दिसायचं. चाचांकडे साधा फोन; त्यांनी पेटीवरचं हिरवं बटण दाबायचं. कुलूप निघालं. चार-चार दिवसांचं वेळापत्रक मी रंग भरून बनवलं आणि तात्यांना सांगितलं, आता किल्लीची भानगडच नाही.

"मग हुसेनभाई कशाला येतील?" तात्यांनी विचारलं होतं.

"यायची गरजच नाही," मी मोठ्या कौतुकाने म्हणालो.

किल्ली देवळीत खिळ्याला लटकली. आई फोनवर म्हणायची, हल्ली साखर फार दिस पुरती. मी हसायचो. तिला काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मग तो मे महिना आला. सकाळी कामावर निघता निघता फोनवर निरोप आला : मोटर चालू, पेटीवरून. तिकडे दुपार होती. वेळापत्रकात तो दिवस आमचा होता. तात्या इंदापूरला लग्नाला गेलेले, फोन घरी विसरलेले, आई त्यांच्याबरोबर. म्हणजे आमच्या पाळीत हिरवं बटण दाबणारा माणूस एकच होता. माझ्या डोक्यात जो शब्द आला तो लिहायला हात जड होतो, पण लिहितो. चोरी. ज्या माणसाने मला कडेवर घेऊन विहिरीत पोहायला शिकवलं, त्याच्याबद्दल.

मी मोटर बंद केली. दहा मिनिटांनी ती पुन्हा चालू झाली. मी पुन्हा बंद केली. तिसऱ्या वेळी बंद करून पेटीवरचं बटणच फोनवरून अडवून टाकलं आणि निवांत मीटिंगला गेलो.

संध्याकाळी तात्यांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते पाणी मी दिलं हुतं त्यास्नी. दोन दिस. वांग्याची रोपं लावली हुती त्यांनी." नव्या रोपाला त्याच दिवशी पाणी लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस भर उन्हात रानातून पेटीपर्यंत तीनदा चालत आला होता. रोपांनी माना टाकल्या. चाचांना वाटलं, तात्यांनीच शब्द फिरवला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते घरी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "तात्या, द्यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं," एवढंच बोलले आणि गेले. तात्या मागोमाग लंगडत गेले, खरं काय ते सांगितलं. चाचा म्हणाले, "असू द्या, पोरगं हाय." पण पुढे कित्येक दिवस ते आमच्या बांधाकडे फिरकले नाहीत.

"तू तितं बसून आमच्या दोघांच्या मधी आलास," तात्या मला मग फोनवर म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला मारलं नाही. एकदा मारलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवस गावी गेलो. पहिल्याच दिवशी चाचांच्या रानात जाऊन त्यांचे पाय धरले, चोरीचा तो शब्दही सांगितला. त्यांनी मला उठवलं. "मनातलं बोललास, बरं केलंस," म्हणाले; पण डोळ्यांकडे बघितलं नाही. आठवड्याने वायरमन मिळाला, तेव्हा मी स्टार्टर उतरवून घेतला. जुनं कुलूप तेल घालून बसवलं. पाळी चाचांची होती, म्हणून तात्यांनी किल्ली त्यांना नेऊन दिली आणि तासभराने चहा पिऊन आले.

चार दिवसांनी पाणी आमच्याकडे यायचं होतं. तात्या तापाने झोपलेले. मी म्हटलं, चाचांनी कशाला यायचं, मीच जातो, किल्ली घेऊन येतो. मनातून आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत ती किल्ली कोणी माझ्या हातात कधी दिली नव्हती.

चाचा बांधावर उभे होते, किल्ली मुठीत. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, या खेपेला नीट डोळ्यांत.

"कवा निघालास?"

"परवा."

"मग तुला कशी देऊ?" ते शांतपणे म्हणाले. "घेणारा चार दिसानं परत द्याया हितं पायजे."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्या घराकडे चालू लागले. मी त्यांच्या मागून. चाचांनी किल्ली तात्यांच्या तापलेल्या तळहातावर ठेवली. आईने चहा टाकला. मलाही कप दिला, पाहुण्याला देतात तो, बशीसकट.

आता दर चौथ्या दिवशी मी इथून फोन करतो. तब्येत, पाऊस, उसाची तोड सगळं विचारून होतं, आणि शेवटी विचारतो, किल्ली कोणाकडे आहे? तात्या कधी म्हणतात, "त्यांच्याकडं." कधी म्हणतात, "आपल्याकडं." त्या 'आपल्या'त ते मला अजून धरतात. मी इथून नुसतं 'बरं' म्हणतो.