बापूरावांची वाळूची पेटी

हिंगोलीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार टाकून गिऱ्हाईक निघून जात असेल असं तुम्हाला वाटेल. तसं कधी होत नाही. तार गुंडाळून होईस्तोवर ते बाकड्यावर बसतं, चहा पितं आणि काही ना काही सांगतं. अशा दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, विसरायलाच मेहनत पडते! बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतले माझ्याकडचे बरेच किस्से एकाच घरचे आहेत. ते घर बापूरावांचं.

बापूराव रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. नोकरी संपली आणि गावी परतले. आल्या आल्या त्यांनी एक जुनं लोखंडी कपाट आडवं पाडलं, त्याला वर काच बसवली, पुढं दोन भोकं पाडून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे लावले. पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर आणला, कयाधू नदीची वाळू चाळून भरली. झालं सँडब्लास्टिंगचं कॅबिनेट! हवेच्या जोरानं वाळू मारायची आणि लोखंडावरचा गंज, काजळी उडवून लावायची. अख्ख्या तालुक्यात असं दुसरं नव्हतं. आम्ही त्याला नुसतं 'पेटी' म्हणायचो.

पहिलं काम डोंगरकडा गावच्या एका केळीच्या बागायतदाराचं. त्याच्या ऑइल इंजिनचं हेड काजळीनं डांबरासारखं झालेलं. बापूरावांनी अर्ध्या तासात ते चांदीसारखं करून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत बाकड्यावर ठेवलं.

"हे माझं न्हाई. माझं काळं व्हतं."

"अहो, तेच साफ केलं!"

"एवढं साफ माझं कवाच नव्हतं. दुसऱ्याचं घेऊन जाऊ काहून?"

शेवटी हेडावरचा नंबर दाखवला, तेव्हा कुठं उचललं त्यानं!

*

त्याच दिवशी अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या. पेटीच्या प्रत्येक फटीतून पांढरी धूळ निघाली आणि आरामात जाऊन त्या कुरडयांवर बसली. बापूरावांची बायको गयावहिनी. त्या दुपारी बाहेर गेलेल्या, त्यांना काही कळलं नाही. आठ दिवसांनी शेजारचे मोरे गुरुजी जेवायला होते. एक कुरडई खाल्ली, थोडा वेळ जबडा तसाच धरून ठेवला आणि फार अदबीनं म्हणाले,

"वहिनी, तळल्यात छान. पण यंदा गहू नदीकाठचा दिसतोय!"

गुरुजी गेल्यावर आता भांडण होणार असं बापूरावांना वाटलं. वहिनी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गणपत आठवतो का तुमाला?"

गणपत म्हणजे वर्कशॉपातला त्यांचा जोडीदार. तोंडाला फडकं बांधून अकरा वर्षं त्यानं वाळू मारली. शेवटी शेवटी स्वतःच्या घराच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागून मधे बसायचा. चाळिशी नुकतीच उलटली होती, तेव्हा गेला.

"पेटी राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "धूळ बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर उचलायच्या आत बापूराव दारात उभे. "तुमच्याकडं धूळ धरायचं काही हाय का?"

*

मी मोटारवाला. मला प्रत्येक दुखण्यावर पंखाच सुचायचा. कपाटाला मागून भोक पाडलं, एक दणकट पंखा बसवला आणि पाइप काढून दिला भिंतीपलीकडं. काय सांगू! पेटीत धूळ म्हणून राहिली नाही. काचेतून लख्ख दिसायला लागलं. बापूरावांनी माझी पाठ थोपटली.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मोरे गुरुजी. डोकं पांढरं, मिशा पांढऱ्या, भुवयासुद्धा.

"बापूराव," ते म्हणाले, "मी सकाळी अंघोळ केली तेव्हा पन्नाशीचा होतो!"

त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. धूळ फेकणं वेगळं आणि धरणं वेगळं.

*

मग पाइप पाण्याच्या ड्रममध्ये सोडला. पाण्यातून गेली की धूळ खाली बसेल, असा माझा हिशोब. आधीच्या पंख्याला पाण्यातून हवा ढकलवेना. मोठा लावला, तर त्यानं गढूळ पाण्याचं कारंजंच उडवलं. भिंत भिजली, बापूराव भिजले, मी भिजलो.

वहिनींनी दारातूनच पाहिलं. "धुळीचा चिखल केला का? चालू द्या. सुधारणा हाय!"

*

सलीमभाईंची पिठाची चक्की बाजारात होती. पीठ उडू नये म्हणून तिथं कापडी पिशवी लावलेली. ती पाहून बापूरावांचे डोळे चमकले. सलीमभाई दिलदार माणूस. जुनी पिशवी लगेच सोडून दिली. "ले जाओ बापूराव, दस साल चली है. कुछ तकलीफ नै देती."

पिशवी लावली, पेटी चालू केली. पिशवी फुगली, छान दिसली. वहिनींनी शाळेची काळी पाटी पुसून बाजूला ठेवली होती. पंधरा मिनिटांनी तिच्यावर बोट ओढलं, तर सरळ रेघ उमटली. बारीक धूळ कापडातून आरपार येत होती. तिसऱ्या दिवशी तर जाड वाळूनं पिशवीला भोकच पाडलं.

बापूराव फाटकी पिशवी घेऊन चक्कीवर गेले. सलीमभाईंनी भोकातून बोट घातलं, पलीकडून काढलं आणि मान हलवली.

"आटा शरीफ रहता, बापूराव. रेत नै!"

*

कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला एक दाल मिल होती. तिच्या छपरावर पत्र्याचा मोठा उलटा शंकू होता. मी आणि बापूराव सायकली लावून रस्त्यापलीकडून पाहत बसलो. हवा शंकूत गरगर फिरते, जड कोंडा कडेला घासून खाली पोत्यात पडतो, हलकी हवा वरून निघून जाते. बापूराव कागदावर चित्र काढू लागले. मी हाताच्या वितीनं अंदाज घेत होतो.

तासाभरानं मिलचा मुनीम धावत आला. आम्हाला आत नेलं, खुर्च्या दिल्या, चहा दिला, वर भजी. मग मालक आले, हात जोडून. "साहेब, सगळे कागद बराबर हायेत. आणू का?"

मी तोंड उघडणार, तोच बापूरावांनी माझ्या पायावर पाय दिला.

"कागद नंतर," ते गंभीरपणे म्हणाले. "आधी तो शंकू जवळून दाखवा!"

मापं सगळी घेतली. निघताना मात्र बापूरावांना राहवलं नाही. सायकलवर टांग टाकता टाकता खरं सांगून टाकलं. मालक इतके हसले, की पत्रा कापायला स्वतःचा माणूस देतो म्हणाले.

*

शंकूनं जाड वाळू धरली, ती खालच्या ड्रममध्ये पडू लागली. पण बारीक धूळ काही त्याला ऐकेना. ती वरून निघायची. तिच्यापुढं पिशवी हवीच होती, आणि कापड कोणतं यावर आमचं दोघांचं जमेना. मी म्हणालो मांजरपाट, ते म्हणाले ताडपत्री.

वहिनी म्हणाल्या, "तुमी दोघं घरी बसा."

त्या पदरात चुलीची राख बांधून कापडाच्या दुकानात गेल्या. एकेक ठाण उलगडायला लावायचं, कापडावर चिमूटभर राख ठेवायची, जोरात फुंकायची आणि खाली धरलेला तळहात पाहायचा. दुकानदाराची गादी राखेनं भरली.

"बाई, कापड घेऊन राहिलात का भांडी घासून राहिलात?"

शेवटी त्यांनी गादीचं कापड निवडलं, ज्यातून कापूससुद्धा बाहेर येत नाही ते. घरी येऊन मशीनवर पिशवी शिवली ती माणसाहून उंच, तळाशी धूळ साठायला डबा!

"एवढी मोठी काहून?" बापूराव म्हणाले.

"लहान गाळणीत चहा गच्च ओतला की तो बाहेर सांडतो, न्हाई का?"

पेटी चालू केली. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. वहिनींनी पाटीवरून बोट फिरवलं, उजेडाकडं धरलं. बोट स्वच्छ होतं. त्या आत गेल्या आणि पीठ मळायला घेतलं.

*

वर्षभरानं एक कारखानदार जीप घेऊन आले. लोखंडाचे मोठे ओतीव भाग करायचे, त्यांची सफाईसुद्धा वाळू मारूनच. बापूरावांचं नाव ऐकून पेटी पाहायला आले होते. मी तेव्हा पंख्याच्या बेअरिंगला ग्रीस भरत होतो. साहेबांनी शंकू पाहिला, पिशवी पाहिली आणि हसले.

"एका माणसाच्या पेटीला एवढा पसारा? आमच्याकडं दहा वर्षं उघड्यावर मारतात. तोंडाला फडकं बांधलं की झालं."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, पिशवीखालचा डबा सोडवला आणि साहेबांच्या पुढ्यात आणून उघडला. निम्मा डबा भरलेला. आत मैद्याहून मऊ, पांढरी भुकटी. साहेबांनी चिमटीत धरून चोळली.

"ही काय, रांगोळी?"

"आठ दिवसांची धूळ हाय. ह्यांच्या एकट्याची," वहिनी म्हणाल्या. "डबा नसता, तर ही कुठं राहिली असती?"

बापूराव समोरच उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, पुन्हा पुसली. डब्याचं झाकण स्वतःच लावलं.

मग ते माझ्याकडं वळले. "असं एक आम्हाला बसवून द्याल का?"

"देऊ की," मी म्हणालो. "माणसं किती आहेत वाळू मारायला? त्या हिशोबानं पंखा सांगतो."

"सहा," ते म्हणाले. मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"सहा होती. आता चार."