चेहऱ्याची रुंदी

अफजलपूरच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ होता. जुना डबा मॉनिटर काढून गुलबर्ग्याहून नवा, सपाट, रुंद मॉनिटर आणला तेव्हा मी शेजारच्या चहावाल्यालाही बोलावून दाखवला. कॉम्प्युटर चालू केला, आणि पडदा काळा. मधोमध इंग्रजीत तीन शब्द, 'आउट ऑफ रेंज'. विंडोज सुरू झाल्याचा सूर वाजला, पण दिसायला काहीच नाही. चहावाला हसत निघून गेला.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, जुन्या मॉनिटरचं सेटिंग याला झेपत नाही. चालू करताना एफ-आठ दाबत राहा, साध्या पडद्यानं आत शिरा, पडद्यावरच्या ठिपक्यांचा आकडा कमी करा, मग सीडी घालून रुंद पडद्याचं माप निवडा. निम्मं ऐकलं. आठशे बाय सहाशे केलं, पडदा उजळला. सगळं जरा फुगल्यासारखं वाटत होतं, पण दिसत होतं ना! सीडी खणात टाकली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची मला जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस आला, तिशीचा, डोकं नुकतंच भादरलेलं. सोबत त्याची मावशी. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं, पण मेंढरं कधीच गेली. हा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर होता. आई वारली होती. निरोप मिळून तो सोलापूरमार्गे पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

"अण्णा, उद्या तेरावा हाय. आईचा येवढा एकच फोटो हाय," तो म्हणाला.

गाणगापूरला देवळासमोर काढलेला, सात-आठ माणसांचा फोटो. त्यात आईचा चेहरा बोटाच्या पेराएवढा. तेवढाच काढून मोठा करायचा होता.

"चांगली दिसाय पायजे बगा," तो म्हणाला. "म्या पुण्याला गेलो तवा होती तशी."

संध्याकाळी या म्हटलं. फोटो स्कॅन करून पडद्यावर घेतला तर बाई सुजल्यासारखी दिसायला लागली, गाल दोन्हीकडं ताणलेले. मला वाटलं, स्कॅनरनं घोळ केला. मग मी हुशारी केली. माउसनं कडेला धरून चेहऱ्याची रुंदी आत दाबली, पडद्यावर बरा दिसेपर्यंत. डाग पुसले, मागं निळा रंग भरला, छापला. ओळखीची बाई नव्हती. कागदावर जशी आली तशीच असेल, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी दोघं आली. मी फोटो पुढं केला. मावशीनं पदर तोंडाला लावला.

"बाई गं. शेवटाला अश्शीच झालती."

मुलगा फोटोकडं बघत राहिला. "ही कोण हाय?" त्यानं विचारलं. मी मूळ फोटो उचलून शेजारी धरला. त्यात भरल्या गालांची बाई होती. माझ्या कागदावर गालफडं बसलेली, हनुवटी टोकदार. चेहरा स्कॅनरनं नव्हे, पडद्यानं फुगवला होता, आणि मी चांगल्या बाईला दाबून आजारी केलं होतं.

"चूक माझी हाय," मी म्हटलं. "बसा. आत्ता नीट करतो."

खणातली सीडी काढली. ती घातल्यावर सेटिंग पुन्हा बदललं; कॉम्प्युटर बंद-चालू केला, तर पुन्हा काळा पडदा. एफ-आठ. दोनदा दाबायची वेळ चुकली. शेवटी आत शिरलो, पडद्याचं खरं माप निवडलं. लठ्ठ अक्षरं बारीक झाली, आणि मी दाबलेला चेहरा पडद्यावरही तसाच दिसला, खंगलेला. असली लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

मी नव्यानं चेहरा कापत होतो. मागं दोघं हळू बोलत होती.

"कवापासनं अशी होती?"

"दिवाळीपासनं. अन्न जाईना."

"मला तर फोनवर म्हणायची, बरी हाव."

"तिनंच सांगू दिलं न्हाई रे. पोरगं काम सोडून यील म्हणायची."

नवा फोटो छापून निघाला. गोल चेहरा, कपाळावर मोठं कुंकू. मावशी म्हणाली, "व्हय, हीच माजी अक्का." मी फ्रेम घातली, कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. मग टेबलावरचा पहिला फोटो उचलला आणि फाडायला धरला.

त्यानं माझं मनगट पकडलं. चांगलंच जोरात.

"फाडू नका, अण्णा."

"अरे, ते चुकून झालंय."

"असू द्या. समद्यांनी बगितली अशी. म्याच न्हाई बगितली."

त्यानं तो कागद माझ्या हातातून सोडवून घेतला, घडी पडू न देता शर्टाच्या आत सरळ ठेवला, आणि वरपर्यंत गुंड्या लावल्या.