वासूमामाचं गाणं आणि भाताची पोती

"चौथ्या गाण्याची व्होकल फाइल उघडत नाही," असं मी संदेशला फोनवर सांगितलं, तेव्हा तो पेडण्यात त्याच्या कचेरीत होता. त्याने विचारलं, "तेच?"

तेच. बाकीची सात ठणठणीत, आणि नेमकं संदेशच्या मामावरचं गाणं खाल्लं होतं डिस्कने.

संदेश आज सरकारी कारकून आहे, पण मुळात रॅपर. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी हिप-हॉपचा अल्बम केला. पाठीशी कंपनी नाही, कोणी नाही. सीडी घरीच बर्न करून म्हापशाच्या बस स्टँडवर विकल्या. आता पंधरा वर्षं झाली म्हणून पणजीच्या एक निर्मात्या बाई तो पुन्हा काढत होत्या, आणि नवं मिक्सिंग माझ्याकडे होतं. मिक्सिंग म्हणजे आवाज, ड्रम, बेस अशा वेगवेगळ्या फाइल्स असतात, त्या एकत्र बसवायच्या. एक गेली की बोंबललं. बॅकअप? घेतला होता ना. त्याच डिस्कवर. वीस-बावीस वर्षं ह्या धंद्यात काढलेल्या माणसाची अक्कल ही.

बाई म्हणाल्या, गाळून टाका, सात गाणी पुरेत. संदेशने साफ सांगितलं, मामाचं गाणं नसेल तर अल्बमच नको. वासूमामा मागच्या वर्षी गेले. पेडणे-म्हापसा बस चालवायचे. त्यांच्याच घरी, भात साठवायच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग केलं होतं. घरासमोरच्या वळणावर झाडून सगळे हॉर्न मारतात. हे गृहस्थ मात्र रेकॉर्डिंगचे ते आठ दिवस तिथून बस मुंगीच्या पावलांनी, मुकाट न्यायचे. गाणं त्यावरच होतं.

मग संदेश माझ्या स्टुडिओत येऊन पुन्हा गायला. पण बसेना. माझ्या फोम लावलेल्या खोलीत त्याचा आवाज परक्या घरी जेवायला बसल्यासारखा अवघडलेला. दोन दिवस सगळी सॉफ्टवेअर्स लावून पाहिली. शेवटी डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत चारी बाजूंना भाताची पोती होती. फोम फक्त बारीक आवाज शोषतो; भरलेलं पोतं जाड, घुमणारा आवाजही शोषतं, भिंतीवर आपटून परत येऊ देत नाही. तेव्हा आम्हाला फोम परवडत नव्हता, म्हणून मामांनीच पोती रचून दिली होती.

मामीला फोन केला. खोली होती, पण भात कुठलं? ह्यांच्यामागे शेत पडीकच आहे, म्हणाली. बघते तरी. शनिवारी पोचलो तर खोली भरलेली! वाडीवरच्या घराघरातून एकेक पोतं मागून आणलं होतं तिने, आणि प्रत्येकावर कोळशाने मालकाचं नाव. परत द्यायची होती ना. दार लावलं आणि तोच जुना, तुसांचा वास आला.

पहिल्याच टेकला आवाज बसला. फक्त एका ओळीला संदेशला दम पुरेना, चाळिशी आली. मी म्हटलं, दोन तुकड्यांत घेऊ, मी जोडतो. तो म्हणाला, राहू दे. राहू दिलं.

मामी उंबऱ्यावर बसून होती. तिच्यासाठी गाणं स्पीकरवर लावलं. इतकी वर्षं तिला ते भांडणच वाटायचं. ह्या वेळी तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग संदेशला म्हणाली, "तेंचा नाव दोनदाच घेतलंस रे. माका घेवक येना नाय. अजून एकदा घे."

गाण्याच्या शेवटी थोडा वेळ नुसता बीट वाजतो. मी तिथे रेकॉर्डचं बटण दाबलं. "वासूमामा," संदेश म्हणाला. गायला नाही, नुसती हाक मारली.

अल्बम आला. जुन्या ऐकणाऱ्यांनी लगेच कुरकुर केली, शेवटी हे जादाचं काय घातलंत, मुळात नव्हतं. बरोबर आहे, नव्हतं. बाईंनीही विचारलं, काढता येईल का? मी म्हटलं, नाही येणार, वेगळी फाइलच नाही. धडधडीत खोटं बोललो. हल्ली मी प्रत्येक कामाचे तीन बॅकअप ठेवतो, तिन्ही वेगवेगळ्या घरांत. ह्या गाण्याचा एक मामीकडे आहे.